पडद्यावरचा मंत्रचळ आणि खरा मंत्रचळ

आज तुमची ओळख एका गुप्तहेराशी करून द्यायची आहे. त्याचे नाव एड्रियन मंक. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात तो राहतो. रस्त्याने जाताना वाटेतल्या प्रत्येक खांबाला बोट लावीत तो चालतो. एखादा खांब चुकला, तर मागे फिरून त्याला बोट लावून येतो. कोणाशी हस्तांदोलन करावे लागले, की त्याचा हात आपोआप बाजूला जातो आणि शेजारी उभी असलेली मदतनीस न सांगता त्या हातावर ओला कागदी रुमाल ठेवते. तो दुधाला भितो, उंचीला भितो, सापाला भितो आणि जंतूंना तर फारच भितो. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, तर खुनाचा तपास बाजूला ठेवून तो आधी ती सरळ करतो. आणि गंमत अशी, की असल्या बारीकसारीक विस्कटलेल्या गोष्टींतूनच त्याला खुनी सापडतो.

हा गुप्तहेर अर्थातच काल्पनिक आहे. ‘मंक’ या नावाची ही दूरचित्रवाणी मालिका १२ जुलै २००२ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि ४ डिसेंबर २००९ रोजी संपली. आठ पर्वांत मिळून तिचे १२५ भाग झाले. तिची कल्पना अँडी ब्रेकमन यांची. मंकचे काम टोनी शालूब या नटाने केले आणि त्याबद्दल त्यांना २००३, २००५ व २००६ या वर्षी विनोदी मालिकेतील उत्कृष्ट अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला. ‘विनोदी’ हा शब्द जरा ध्यानात ठेवा, त्याची पुढे गरज लागणार आहे.

गुप्तहेर काल्पनिक असला, तरी त्याला जडलेला विकार मात्र खरा आहे. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला ‘मंत्रचळ’ असा नेमका आणि जुना शब्द आहे. हा विकार आयुष्यात कधी ना कधी दर शंभर माणसांतील सुमारे दोघांना होतो. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या शाळेतील वीसएक जणांना आज ना उद्या त्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता असते. त्याची सुरुवातही बहुधा लहानपणी, किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात होते. तेव्हा हा विषय म्हाताऱ्या माणसांचा किंवा परदेशातील गुप्तहेरांचा आहे असे समजू नका.

मंक आठ वर्षे आपल्या डॉक्टरांकडे जात राहतो. तरी तो बरा का होत नाही? त्याच्या विकारावर उपाय नाही, की त्याच्या गोष्टीला तो बरा झालेला परवडत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आधी खरा मंत्रचळ समजून घेतला पाहिजे.

माकड आणि पांढरे अस्वल

एका वैद्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्याने रोग्याला औषधाची पुडी दिली आणि बजावले, “औषध घेताना माकडाची आठवण मात्र काढू नका, नाहीतर गुण येणार नाही.” बिचाऱ्या रोग्याला उभ्या आयुष्यात कधी माकड आठवले नव्हते, पण आता पुडी उघडली, की समोर माकड हजर!

हीच गोष्ट डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रयोगशाळेत करून पाहिली. त्यांनी माकडाऐवजी पांढरे अस्वल घेतले, एवढाच फरक. विद्यार्थ्यांना सांगण्यात आले, की पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. पांढऱ्या अस्वलाचा विचार मात्र करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा खुशाल विचार करण्याची मोकळीक दिली. तेव्हा ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांच्या मनात तो, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा, जास्त वेळा आला. विचार दाबला म्हणजे तो जात नाही, उलट दबा धरून बसतो. हा प्रयोग घंटीऐवजी बाकावर पेन्सिल आपटून तुम्हांला वर्गातही करता येईल.

आता दुसरी गोष्ट. नको ते, विचित्र, कधी कधी भयंकर विचार फक्त आजारी माणसांच्याच मनात येतात का? स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या लंडनमधील संशोधकांनी १९७८ साली ही पाहणी केली. निरोगी माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी सांगितले, की असे विचार आम्हांलाही येतात. गच्चीच्या कठड्याशी उभे असताना ‘उडी मारली तर?’, हातात सुरी असताना ‘कोणाला लागली तर?’, देवासमोर हात जोडले असताना मनात भलतीच शिवी! विचारांचा मजकूर आजारी आणि निरोगी माणसांत पुष्कळसा सारखाच निघाला. फरक पुढच्या पायरीवर होता. निरोगी माणूस ‘काय वेड्यासारखे मनात आले!’ म्हणतो आणि भाजी चिरू लागतो. मंत्रचळ लागलेल्या माणसाला मात्र तो विचार म्हणजे आपल्या वाईटपणाचा पुरावा किंवा येणाऱ्या संकटाची सूचना वाटते. तो विचार पुसून टाकण्यासाठी मग तो काहीतरी करू लागतो: हात धुतो, मोजतो, तपासतो, मनातल्या मनात ठरावीक शब्द म्हणतो. विचार आणि कृती अशी ही जोडी आहे. विचार अस्वस्थ करतो आणि कृती क्षणभर शांत करते.

येथे एक खुलासा करतो. सोवळेओवळे पाळणारी आजी, कपाट नीट लावणारी ताई किंवा परीक्षेला जाताना पेन दोनदा तपासणारे तुम्ही, यांना मंत्रचळ झाला आहे असे मुळीच नाही. त्या कृतींत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला, त्यांच्यामुळे अभ्यास, झोप, कामधंदा अडू लागला आणि माणसाला स्वतःलाच त्यांचा जाच होऊ लागला, की डॉक्टर त्याला विकार म्हणतात. आजीला सोवळ्यात समाधान मिळते. मंत्रचळ लागलेल्या माणसाला हात धुताना कसलेही समाधान नसते. ही कृती निरर्थक आहे हे बहुधा त्याला तुमच्याइतकेच कळत असते, आणि कळूनही ती थांबवता येत नाही.

करवतीचे दाते

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर मिनिटे मांडा आणि उभ्या अक्षावर अस्वस्थता, शून्यापासून शंभरपर्यंत. (पुढील आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत.)

एक माणूस घराबाहेर पडतो आणि जिन्यात त्याच्या मनात येते, ‘गॅस बंद केला ना?’ अस्वस्थता एकदम ८० वर जाते. तो परत वर येऊन गॅस पाहतो. बंद आहे! अस्वस्थता २० वर येते. तो जिना उतरतो. ‘पण पाहताना चुकून हात लागून पुन्हा चालू झाला असेल तर?’ पुन्हा ८०. पुन्हा वर. पुन्हा २०. असे दहा वेळा झाले, की कागदावर करवतीच्या दात्यांसारखी आकृती उमटेल. प्रत्येक दात्याचे टोक जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे, हे पाहा. दहा वेळा तपासूनही अकराव्या वेळची शंका पहिलीएवढीच तीव्र! कारण प्रत्येक वेळी मेंदू एकच धडा शिकतो: तपासले म्हणून सुटलो. त्रास टळल्यामुळे एखादी सवय पक्की होण्याच्या या प्रकाराला मानसशास्त्रात ‘ऋण प्रबलन’ म्हणतात.

त्याच कागदावर आता दुसरी रेषा काढा. शंका आली, अस्वस्थता ८० वर गेली. पण या खेपेस माणूस वर गेला नाही. जिन्यातच थांबला. पाचव्या मिनिटाला अस्वस्थता ८५ झाली. दहाव्या मिनिटाला ८० वरच होती. त्यानंतर ती हळूहळू उतरू लागली आणि काही न करता, आपली आपणच, चाळीसपर्यंत खाली आली. दुसऱ्या दिवशी तिची सुरुवात ७० ला झाली, आठवड्याने ५० ला. करवतीच्या जागी आता उतरत्या टेकड्या दिसू लागतील. प्रत्यक्षात रेषा इतकी गुळगुळीत कधीच नसते. काही दिवस ती अडून बसते. अलीकडे काही संशोधकांचे म्हणणे असे आहे, की अस्वस्थता उतरणे हा भाग दुय्यम. ‘भ्यालो होतो तसे झाले नाही आणि ही अस्वस्थता मला सोसता येते’ हे मेंदू शिकतो, ते मुख्य.

या आलेखातच मंत्रचळावरचा एक प्रमुख उपचार दडलेला आहे. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील दोन रुग्णांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्यांपैकी एक शिक्षिका होती. घाणीची धास्ती घेऊन ती सतत धूत व पुसत असे. दुसऱ्या स्त्रीला मनात येणाऱ्या पापविचारांचा छळ होता आणि त्यांचे क्षालन म्हणून ती साध्या क्रिया पुन्हा पुन्हा करीत असे. परिचारिका या रुग्णांजवळ दिवसभर राहिल्या. ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांना सामोरे जायला लावायचे, आणि नेहमीची कृती मात्र करू द्यायची नाही, अशी ती पद्धत होती. दोघींनाही गुण आला. त्यापूर्वी हा विकार उपचारांना दाद देत नाही अशीच बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. आज हा उपचार कोणावर लादला जात नाही. रुग्णाच्या संमतीने, त्याने स्वतः केलेल्या भीतींच्या यादीतील सोप्या पायरीपासून सुरुवात होते. निम्म्याहून अधिक रुग्णांना त्याने चांगला फायदा होतो.

दुसरा उपाय औषधांचा. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या कार्यावर परिणाम करणारी औषधे या विकारात उपयोगी पडतात. त्यांतील क्लोमिप्रामिन या औषधाला अमेरिकेत १९८९ साली मंत्रचळासाठी मान्यता मिळाली. ती हळू काम करतात. पुरता परिणाम दिसायला दहा-बारा आठवडेही लागू शकतात.

आता एक फार सुंदर प्रयोग सांगतो. आपल्या मेंदूत कपाळामागचा, डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग, आत खोलवर असलेला कॉडेट नावाचा भाग आणि थॅलॅमस यांना जोडणारे एक वर्तुळ आहे. ‘काहीतरी चुकले आहे’ ही सूचना या वर्तुळातून फिरते. मंत्रचळात ही सूचना, बटण अडकलेल्या दारावरच्या घंटीसारखी, वाजतच राहते. लुइस बॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात काही रुग्णांना औषध दिले, तर काहींना औषधाशिवाय केवळ वर सांगितल्यासारखा वर्तनोपचार दिला. उपचाराआधी आणि नंतर मेंदूतील निरनिराळे भाग किती ग्लुकोज वापरतात हे पेट या तंत्राने मोजले. १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्यांना गुण आला त्यांच्या कॉडेटच्या उजव्या बाजूची चयापचयक्रिया कमी झाली होती, आणि ती दोन्ही गटांत झाली होती! म्हणजे जिन्यात थांबून राहण्याचा परिणामही मेंदूत मोजता येतो. ‘हे तर मनाचे खेळ’ असे कोणी म्हणाले, तर त्याला हा प्रयोग जरूर सांगा.

मंक बरा का होत नाही?

एवढी तयारी करून आता मालिकेकडे वळू. मालिका आणि चित्रपट यांत एक मोठा फरक आहे. चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. म्हणून ‘देवराई’ या २००४ सालच्या मराठी चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची कथा, म्हणजे त्याचा आजार, घरच्यांची ओढाताण आणि उपचार, एका रेषेत पुढे नेता आली. मालिकेचे तसे नसते. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकाला तोच माणूस भेटायला हवा. कारण त्याच्यासाठीच तो परत येतो. मंक खांबाला बोट न लावता सरळ चालू लागला, तर ती मालिका ‘मंक’ राहत नाही. म्हणून प्रत्येक भागात तो थोडा पुढे जातो, आपली भीती क्षणभर ओलांडतो आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला पुन्हा होता तेथे असतो. तुमच्या आलेखावरील पहिली रेषा पुन्हा पाहा. मालिकेच्या भागांचा आलेख काढला, तर तोही करवतीच्या दात्यांसारखाच निघेल.

लेखकांना याची जाणीव नव्हती असे नाही. २००४ साली दाखवलेल्या एका भागात मंक औषध घेतो. पाहता पाहता त्याची भीती पळते, तो मोकळाढाकळा, बेफिकीर होतो. पण त्याची निरीक्षणशक्तीही पळते आणि गुन्हा काही त्याला उकलत नाही. शेवटी तो औषध सोडतो. गोष्ट म्हणून हा भाग रंगतदार आहे. विज्ञान म्हणून पाहिले, तर त्यात दोन चुका आहेत. ज्या औषधाला कित्येक आठवडे लागतात, ते येथे झटपट माणूस पालटते. आणि विकार गेला की बुद्धीही जाते, असे त्यातून मनावर ठसते. वास्तविक मंकची निरीक्षणशक्ती त्याची स्वतःची आहे, विकाराची नव्हे. विकार तिला मदत करीत नाही, तिचा वेळ खातो. तिरकी तसबीर दिसणे ही झाली नजर. ती सरळ केल्यावाचून दुसरे काही सुचूच नये, हा झाला विकार. मालिकेने या दोन गोष्टी इतक्या घट्ट विणल्या आहेत, की प्रेक्षकाला एकच धागा दिसतो. माझ्या मते मालिकेतील सर्वांत मोठी चूक हीच.

त्या ओल्या रुमालाचेही पाहा. आधी शरोना आणि नंतर नॅटली, या दोन्ही मदतनीस मनाने फार चांगल्या आहेत. पण प्रत्येक हस्तांदोलनानंतर रुमाल पुढे करून त्या काय करतात? अस्वस्थता ८० वरून २० वर आणून देतात, म्हणजेच करवतीला धार लावतात. आपल्या घरांतूनही हे घडते. मुलगा विसाव्यांदा विचारतो, “आई, कडी लावली ना?” आणि आई विसाव्यांदा सांगते, “हो रे बाळा, लावली.” तिला त्याचे हाल बघवत नाहीत. मात्र हे वाचून लगेच कोणी घरातील माणसाला धीराचे शब्द देणे एकदम बंद करू नये, रागावणे तर नाहीच. हे आधार कसे आणि किती वेगाने कमी करायचे, ते उपचार करणाऱ्याने रुग्णाशी बोलून ठरवायचे असते.

मालिकेत आजार बळावण्याला एक कारण दिले आहे: मंकची पत्नी ट्रूडी हिचा मोटारीतील बॉम्बस्फोटात झालेला मृत्यू. त्याचा स्वभाव लहानपणापासून तसाच होता, पण त्या धक्क्याने तो खचला. असे होऊ शकते. आनुवंशिकता आणि आयुष्यातील ताण या दोहोंचा या विकारात वाटा असतो. पण गुप्तहेरकथेला रहस्य लागते आणि रहस्याला उकल. म्हणून २००९ साली शेवटच्या भागांत ट्रूडीचा खुनी सापडतो, तिच्या मुलीचा शोध लागतो आणि मंकच्या मनावरचे ओझे उतरते. जणू आजार म्हणजेही एक न सुटलेला गुन्हाच! प्रत्यक्षात मूळ कारण कळले नाही तरी उपचार करता येतो, आणि कारण कळले म्हणून हात धुणे थांबत नाही. ज्या उपचाराचा आलेख आपण काढला, त्याला मालिकेत मध्यवर्ती स्थान कधी मिळाले नाही. डॉक्टरांच्या खोलीतील प्रसंग बहुतांशी बोलण्याचेच आहेत.

पुढे २००३ किंवा २००४ सारखे दिवस राहिले नाहीत. पण २०२३ साली मंकवर चित्रपट निघाला, तेव्हा कोरोनाच्या महामारीनंतर त्याची स्थिती पुन्हा खालावलेली दाखवली. अशा काळात विकार उलटणे अशक्य नाही, पुष्कळांचे तसे झालेही. तरी गोष्ट पुन्हा सुरू करायची तर आजारही पुन्हा हवा होता, हेही खरेच.

हसू, भीती आणि ओळख

एवढे दोष काढले म्हणून मालिका वाईट, असा अर्थ करू नका. तिच्या आधी काय होते ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दूरचित्रवाणीवरील पात्रांची पद्धतशीर मोजदाद चालवली होती. त्यांच्या सहकारी नॅन्सी सिग्नोरिएली यांनी १९८९ साली त्यातील मानसिक आजाराच्या पात्रांचा हिशेब प्रसिद्ध केला. अशा पात्रांपैकी सुमारे ७० टक्के पात्रे इतरांना इजा करणारी किंवा ठार मारणारी होती! खऱ्या जगात मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य माणसांच्या हातून कोणालाही इजा होत नाही. त्या पार्श्वभूमीवर खुनी पकडणारा, हळवा, प्रामाणिक मंक पडद्यावर आला, हे पाऊल पुढचेच म्हणावे लागेल.

त्याचा परिणाम मोजण्याचाही प्रयत्न झाला. रोज पडद्यावर दिसणाऱ्या माणसाशी आपले एकतर्फी नाते जुळते, ही गोष्ट डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच मांडली होती. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. सिंथिया हॉफनर आणि एलिझाबेथ कोहेन यांनी ‘मंक’च्या चाहत्यांची पाहणी करून २०१२ साली असे दाखवले, की ज्यांचे मंकशी नाते अधिक घट्ट होते त्यांच्या मनात मानसिक आजाराविषयीचे पूर्वग्रह कमी होते. पण येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरा थांबले पाहिजे. मालिका पाहून मन उदार झाले, की मुळात उदार मनाच्या माणसांनाच मंक आवडला? केवळ अशा पाहणीतून हे ठरवता येत नाही.

आणि आता तो ‘विनोदी’ शब्द. समजा, नववीत शिकणारी एक मुलगी आहे. धड्याची प्रत्येक ओळ चार वेळा वाचली नाही, तर आईला काहीतरी होईल असे तिच्या मनात येते. हा वेडेपणा आहे हे तिला समजते. पण ओळ सोडून पुढे गेले, की छातीत धडधडते. अर्ध्या तासाच्या अभ्यासाला तीन तास लागतात. घरचे म्हणतात, “किती रेंगाळतेस!” शिक्षक म्हणतात, “वेग वाढव.” ती मंक पाहते आणि सर्वांबरोबर हसते. मंक स्वच्छ, टापटिपीचा. तिच्या टेबलावर तर ही पसाऱ्याची रास. मंक हुशार, तिचे गुण घसरलेले. आपल्याला जे होते आहे त्याचे नाव आणि पडद्यावरच्या त्या गमतीदार माणसाच्या विकाराचे नाव एकच आहे, हे तिला कळणार कसे? वर्गात कोणी पट्टी सरळ ठेवली, की मुले “तुला ओसीडी आहे” म्हणून हसतात, तेव्हा तीही त्यात सामील होते. असे लोक वर्षानुवर्षे आपला त्रास लपवतात आणि तोवर सवय हाडीमांसी खिळते. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले, की निरनिराळ्या मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात.

या मुलीला काय सांगाल? एक, हे विचार तुझ्या स्वभावाचा आरसा नव्हेत. दोन, यावर उपचार आहे आणि त्याचा परिणाम मेंदूत मोजून पाहिलेला आहे. तीन, घरच्या माणसाला किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांग, आणि त्यांच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. कोणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. त्याला पैसे पडत नाहीत. शिक्षकांनाही एक विनंती आहे. उत्तरपत्रिका खोडून खोडून फाटली असेल, मूल वारंवार हात धुवायला जात असेल किंवा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर शिस्तीचा बडगा उगारण्यापूर्वी त्याला बाजूला घेऊन, ‘न केल्यास काय होईल असे वाटते?’ एवढे विचारून पाहावे.

करून पाहा

तुमच्या घरी पाहिली जाणारी कोणतीही मालिका निवडा. मानसिक आजार असलेले किंवा घरात ‘वेडे’ म्हटले जाणारे पात्र तीत असले पाहिजे. सलग सहा भाग पाहा आणि वहीत रकाने आखा. ते पात्र किती वेळा पडद्यावर आले? त्याच्या आजाराचे नाव कोणी घेतले का, की नुसतेच ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हटले? त्याने कोणाला इजा केली का, की त्यालाच इजा झाली? मागे कसले संगीत वाजत होते, भीतीचे की हसण्याचे? डॉक्टर दिसले असतील, तर त्यांनी प्रत्यक्ष काय केले? घरच्यांपैकी रुमाल पुढे करणारे कोण? आजार सुरू कशाने झाला आणि बरा झाला असल्यास किती भागांत? आणि प्रत्येक भाग संपताना ते पात्र सुरुवातीला होते तेथेच आहे का, हे शेवटच्या रकान्यात लिहा.